थंडी येण्याआधी ढग का येतात? अमरावती-अकोल्याच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हवामान आणि शेतातला हिशेब

ऑक्टोबर संपत आला की अमरावती-अकोल्यातल्या मोबाइलवर एकाच दिवशी दोन बातम्या येऊन धडकतात. पहिली, ‘उत्तरेत पारा घसरला, राज्यात थंडीची चाहूल’. दुसरी, ‘विदर्भात ढगाळ वातावरण, तुरळक पावसाची शक्यता’. वाचणाऱ्याला वाटते, यातली एक नक्कीच चुकीची. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात आणि दोन्हींचे मूळ एकच असते. प्रश्न असतो तो क्रमाचा. ढग आधी येतात, थंडी मागून. आणि हा क्रम दोन-चार दिवसांनी पुढे-मागे झाला तरी वऱ्हाडातला हिशेब बदलतो, कारण नेमक्या याच दिवसांत कपाशी फुटलेली असते, तूर फुलोऱ्यात असते, हरभऱ्याची पेरणी अर्धी झालेली असते आणि वरुड-मोर्शीत आंबिया बहराची संत्री झाडावर असतात.

आधी ‘ऑक्टोबर हीट’ कशामुळे?

भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या सरासरी तारखांनुसार नैऋत्य मान्सूनचा परतीचा प्रवास वायव्य भारतातून १७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत तो देशातून परतलेला असतो. वऱ्हाडातून तो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो. नक्षत्रांच्या भाषेत सांगायचे तर हस्त सरून चित्रा लागण्याचा हा काळ.

पाऊस गेला म्हणजे गारवा यायला हवा, पण होते उलटे. ढगांचे छत बाजूला होते आणि ऊन थेट जमिनीवर पडते. जमीन चार महिने भिजलेली असते, त्यामुळे हवेत बाष्प भरपूर. वारा मात्र पडलेला. मान्सूनचे पश्चिमी वारे थांबलेले असतात आणि उत्तरेचे वारे अजून सुरू झालेले नसतात. या वाऱ्याविना गेलेल्या दोन-तीन आठवड्यांना आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो. अकोल्यात या महिन्यात दुपारचे तापमान सरासरी ३४-३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मे महिन्यातल्या अकोल्यापुढे हे काहीच नाही, तरी घामामुळे ते जास्त छळते.

रात्रीची गोष्ट वेगळी आहे. आकाश निरभ्र असले की दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडते. हवा जसजशी कोरडी होते तसतसे हे काम वेगाने होते. म्हणून ऑक्टोबरमध्ये १९-२० अंशांवर असलेले सरासरी किमान तापमान नोव्हेंबरमध्ये १५-१६ वर आणि डिसेंबरमध्ये साधारण १२-१३ वर येते. दुपारचे तापमान मात्र फार उतरत नाही, डिसेंबरातही ते ३० अंशांच्या जवळपास राहते. दुपारी पंखा आणि पहाटे गोधडी हा वऱ्हाडी हिवाळ्याचा स्वभाव आहे. पुण्या-मुंबईच्या बातम्यांतली ‘गुलाबी थंडी’ इथे पहाटे चार ते आठपुरतीच असते.

मग थंडी येते कुठून?

निरभ्र आकाशामुळे होणारा हा गारवा स्थानिक असतो. तो हळूहळू वाढतो, कुणाला फारसा जाणवत नाही. ‘काल रात्री एकदम थंडी वाढली’ असे आपण म्हणतो, तेव्हा बाहेरून काही तरी आलेले असते. ते येते भूमध्य समुद्राच्या बाजूने.

त्या भागात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली उंचावरून वाहणाऱ्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत भारताच्या वायव्येला पोहोचतात. यांनाच हवामानशास्त्रात पश्चिमी विक्षोभ म्हणतात, वर्तमानपत्रांत ‘पश्चिमी चक्रवात’ असाही शब्द वापरतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा पश्चिमी विक्षोभ येतात. ते जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस देतात. ते पुढे सरकले की त्यांच्या पाठीमागे वायव्य भारतावर हवेचा दाब वाढतो आणि बर्फाळ डोंगरांवरून निघालेली थंड, कोरडी हवा राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून दक्षिणेकडे उतरते. वऱ्हाडात जाणवणारी खरी थंडी ही आहे. काश्मीरच्या बर्फवृष्टीनंतर दोन-तीन दिवसांनी इथे हुडहुडी भरते, ती यामुळे.

युरोप-अमेरिकेच्या हवामानाच्या बातम्यांत ‘कोल्ड फ्रंट’ हा शब्द सतत येतो. थंड हवेची आघाडी गरम हवेला ढकलत पुढे येते, दोन्हींच्या सीमेवर ढग आणि पाऊस होतो आणि ती सीमा डोक्यावरून गेली की तासा-दोन तासांत तापमान दहा अंशांनीही पडते. आपल्याकडे येईपर्यंत ही सीमा विरते. तिची धार जाते, उरतो तो दोन-तीन दिवसांत होणारा बदल: आधी वारा पूर्वेकडचा, मग पडलेला, मग उत्तरेकडचा. त्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर परदेशी ॲपने ‘कोल्ड फ्रंट’ दाखवला म्हणून संध्याकाळपर्यंत स्वेटर काढायची घाई नको. आणि हो, त्या ॲपवर निळी रेघ जेथे संपते तेथे थंडी संपत नाही.

ढग आधी का?

आता मूळ प्रश्न. पश्चिमी विक्षोभ हा वरच्या हवेत एका लांबट खोलगट भागाच्या रूपाने पुढे सरकतो. त्याच्या मागच्या बाजूला वारे उत्तरेचे असतात, पण पुढच्या बाजूला ते दक्षिणेकडून किंवा नैऋत्येकडून वर चढणारे असतात. म्हणजे विक्षोभ अजून राजस्थानात असतो तेव्हाच त्याची पुढची बाजू अरबी समुद्रातले बाष्प मध्य भारताकडे ओढू लागते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावर एखादा कमी दाबाचा पट्टा असेल तर पूर्वेकडूनही दमट वारे येतात. दोन्ही प्रवाह महाराष्ट्र-मध्य प्रदेशावर भेटले की ढग, गडगडाट, कधी गारा.

ढग असले की रात्री जमिनीची उष्णता निसटत नाही. ढग पांघरुणासारखे काम करतात. म्हणून थंडी येण्याच्या आधीच्या एक-दोन रात्री चक्क उबदार असतात. अकोल्यात किमान तापमान १४ वरून १८-१९ वर जाते आणि चौकात चर्चा सुरू होते, यंदा थंडी काहून नाही बाप्पा! ती येतच असते. विक्षोभ पुढे गेला, आकाश उघडले, वारा उत्तरेकडे फिरला की एका-दोन रात्रींत तेच तापमान पाच-सहा अंशांनी खाली येते.

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात हेच घडले. २६ नोव्हेंबरपासून दोन-तीन दिवस राज्याच्या अनेक जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला, उत्तर महाराष्ट्रात काही ठिकाणी गारांचा खच पडला. नाशिककडे द्राक्षे गेली, विदर्भात उघड्या कापसाला आणि तुरीच्या फुलोऱ्याला फटका बसला. तो काही परतीचा मान्सून नव्हता. पश्चिमेकडून येणारी प्रणाली आणि समुद्राकडचे बाष्प यांची ती गाठ होती.

दुसरा प्रकार चक्रीवादळाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा हंगाम. ‘मोंथा’ चक्रीवादळ २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर धडकले. आंध्रचा किनारा ऐकून वऱ्हाडातला माणूस बातमी पुढे सरकवतो, पण अशी वादळे जमिनीवर आली की त्यांचे वारे मरतात आणि बाष्प उरते. ते तेलंगण-छत्तीसगडमार्गे विदर्भापर्यंत येऊ शकते. तेव्हा शेतात सोयाबीनच्या गंज्या आणि पांढरा कापूस दोन्ही असतात.

अकोला आणि अमरावतीत फरक का पडतो?

दोन शहरांत रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आतबाहेर अंतर, पण अंदाज वाचताना दोन्ही एकाच ओळीत घालू नयेत. वऱ्हाडचा नकाशा आडवा धरला तर वर सातपुड्याची गाविलगड रांग, खाली अजिंठ्याची रांग आणि मध्ये पूर्णेचे सपाट खोरे दिसते. जुने लोक याला पायनघाट म्हणतात. अकोला या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे. अमरावती खोऱ्याच्या पूर्व कडेला, पोहरा-मालखेडच्या टेकड्यांना लागून आणि थोडी उंचावर आहे. खोरे पश्चिमेला भुसावळ-जळगावकडे उघडे आहे.

याचे दोन परिणाम होतात. एक, उत्तरेची थंड हवा वऱ्हाडात येताना सातपुडा ओलांडते. डोंगरावरून खाली उतरणारी कोरडी हवा दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने तापते. त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याशी थंडीची पहिली धार थोडी बोथट होते. पूर्वेकडे गोंदिया-नागपूरच्या बाजूला असा सलग डोंगर आड येत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते, वऱ्हाडात सहसा इतके टोक गाठले जात नाही. दोन, वारा पडलेल्या निरभ्र रात्री थंड हवा जड असल्यामुळे खोलगट भागात साचते. म्हणून शहरातल्या नोंदीपेक्षा नदीकाठच्या, ओढ्याकडेच्या शेतात पहाट दोन-तीन अंशांनी गार असू शकते. हरभरा-केळीवाल्यांनी वेधशाळेच्या आकड्यातून एवढी वजाबाकी मनातच करून टाकावी.

चिखलदऱ्याचा मामला वेगळाच. १,११८ मीटर उंचीवरच्या या पठारावर दुपारही गार असते. पण वारा पडलेल्या पहाटे मेळघाटातली खालची दरी कधी कधी पठारापेक्षा थंड निघते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठते आणि बाजारपेठेत नाही, यामागचे कारणही हेच.

‘लाट’ कधी म्हणायची?

बातमीत प्रत्येक थंड पहाट ‘लाट’ होते. हवामान विभागाचा निकष मात्र काटेकोर आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असले पाहिजे आणि ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असले पाहिजे, तर ती थंडीची लाट. त्याहून जास्त घसरण असेल तर तीव्र लाट. किमान तापमान ४ अंशांवर किंवा खाली गेले तर सरासरी न पाहता लाट आणि २ अंशांवर किंवा खाली गेले तर तीव्र लाट.

हा निकष अकोल्याला लावून पाहा. डिसेंबरची सरासरी १२.५ धरली तर पारा ८ अंशांवर आल्याशिवाय लाट होत नाही. नोव्हेंबरच्या मध्यात सरासरी १५.५ असताना १०.५ ची नोंद झाली, तर घसरण पाच अंशांची आहे, अंगात कापरे भरते, पण लाट नाही, कारण १० ची अट पुरी झालेली नाही. म्हणून ‘लाटेचा इशारा नाही’ याचा अर्थ ‘थंडी नाही’ असा घेऊ नये. ऑक्टोबरच्या शेवटी १४ अंशांची पहाटसुद्धा आधीच्या उबदार रात्रींनंतर म्हाताऱ्या माणसाला आणि लहान वासराला बोचते. शरीर आकडा पाहत नाही, बदल पाहते.

कापूस: दवाचे वजन कोणाच्या खिशातून?

वऱ्हाडात थंडीचा प्रश्न निघाला की आधी कापसाबद्दल बोलावे लागते. दसऱ्याच्या आगेमागे पहिली वेचणी सुरू होते, अनेक घरी शेतात सीतादहीची पूजा करूनच पहिले बोंड तोडतात. त्यानंतर दोन-अडीच महिने कापूस उघड्यावर, झाडावरच असतो. पिकांमध्ये इतके दिवस तयार होऊन आभाळाखाली ताटकळणारे दुसरे पीक नाही.

पाऊस आला तर काय होते हे सर्वांना ठाऊक आहे: बोंडातला कापूस लोंबतो, काळवंडतो, जास्त दिवस ओला राहिला तर सरकीला बोंडातच कोंब फुटतात. पण पाऊस आला नाही तरी दव येतेच. निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि जमिनीत उरलेली ओल हे तिन्ही एकत्र आले की पहाटे भरपूर दव पडते. म्हणजे जे हवामान थंडीसाठी चांगले, तेच दवासाठीही.

या दवाला भाव आहे, तोही अगदी मोजून. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभावाने खरेदी करताना कापसातला ओलावा पाहते. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. ८ ते १२ टक्क्यांत प्रत्येक वाढीव टक्क्याला भावातून एक टक्का कपात. १२ टक्क्यांच्या वर गाडी परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. म्हणजे ओलाव्याचा एकेक टक्का क्विंटलमागे सुमारे ८१ रुपयांचा. ११ टक्के ओलाव्याचा कापूस नेला तर क्विंटलमागे अडीचशे रुपये सरळ गेले.

इथे एक गमतीचा, खरे तर खिशाला चटका देणारा भाग आहे. वेचणीची मजुरी किलोवर दिली जाते. सकाळी सातला दवातला कापूस वेचला तर मजुरीच्या वजनात पाणीही येते आणि विकताना त्याच पाण्याची कपातही होते. शेतकरी एकाच दवाचे पैसे दोनदा मोजतो. म्हणून कृषी विद्यापीठाकडून दरवर्षी येणारा सल्ला, दव सुकल्यावर, म्हणजे नऊ-दहानंतर वेचणी करा, वेचलेला कापूस वाळवा, ओला-कोरडा वेगळा ठेवा, हा ऐकायला साधा वाटला तरी रुपयांत मोठा आहे. अडचण एवढीच की वेचणाऱ्या बायांना ऊन चढायच्या आत काम उरकायचे असते आणि मजूर मिळणेच कठीण असताना शेतकरी वेळेबद्दल फार बोलू शकत नाही.

सोयाबीनचेही ओलाव्याशीच भांडण. त्याच्या हमीभाव खरेदीची मर्यादा १२ टक्के आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. परतीच्या पावसाने भिजलेली गंजी ऑक्टोबरच्या दमट हवेत १२ वर येत नाही. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की तीच गंजी चार-पाच दिवसांत सुकते. म्हणून आकाश निवळल्यावर पहिल्याच दिवशी मळणीयंत्र बोलावण्यापेक्षा वारा फिरण्याची वाट पाहणे कधी कधी फायद्याचे ठरते, अर्थात ताडपत्री हाताशी असेल तर.

तूर ढगाला भिते, हरभरा उन्हाला

तुरीचा फुलोरा नोव्हेंबरात असतो. तिला थंडी चालते, ढग चालत नाहीत. दोन-तीन दिवस ढगाळ, दमट हवा राहिली की फुलगळ होते आणि शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीला रान मोकळे मिळते. त्यानंतर आकाश उघडून पहाटे धुवारी पडली तर फुले करपतात. म्हणजे विक्षोभाच्या आधीचे ढग आणि नंतरचे दाट धुके, दोन्ही तुरीच्या वाट्याला. ढगाळ हवेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेतात एक फेरी मारून झाडावर अळ्या मोजणे, हे अंदाजापेक्षा जास्त उपयोगाचे.

हरभऱ्याचे दुखणे नेमके उलटे. त्याला उशिरा येणारी थंडी मारते. पेरणीच्या वेळी जमीन तापलेली असेल तर मर रोग वाढतो, म्हणून घाईने पेरलेला हरभरा विरळ होतो. उशीर केला तर ओल उडून जाते. ओलिताच्या शेतात हा पेच सुटतो, साधारण २० ऑक्टोबरपासून १० नोव्हेंबरपर्यंत पेरता येते. खारपाणपट्ट्यात तो सुटत नाही.

पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. विहीर खोदून ओलित करायची सोय नाही. तिथला हरभरा पावसाळ्यात काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच येतो. ही ओल किती दिवस टिकेल हे ऑक्टोबरचे ऊन ठरवते. उष्णता महिनाअखेरपर्यंत लांबली तर काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि भेगांतून खालची ओलही उडते. या पट्ट्यातल्या शेतकऱ्यासाठी ‘ऑक्टोबर हीट’ हा घामाचा विषय नाही, ती त्याच्या एकमेव पाणीसाठ्याची गळती आहे. थंडी आठ दिवस आधी आली तर त्याला एक पाणी दिल्यासारखे होते.

हरभरा दवावर पोसतो असे जुनी माणसे सांगतात. झाड पाणी घेते ते मुळांनीच, पण दवाने भिजलेले पान सकाळी उशिरापर्यंत पाणी गमावत नाही, एवढा त्यात अर्थ आहे. दवाच्या पहाटे हरभऱ्यावर पांढरे फडके पसरून आंब गोळा करण्याची जुनी रीतही याच दिवसांतली.

संत्र्याला थंडी हवीच

वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या पट्ट्यात बागायतदार आकाशाकडे दोन कारणांनी पाहतो. पहिले कारण रंग. आंबिया बहराचे फळ ऑक्टोबरपासून तोडणीला येते. आतून ते गोड झालेले असते, पण रात्री गार झाल्याशिवाय सालीतले हरितद्रव्य जात नाही आणि केशरी रंग चढत नाही. रात्री उबदार राहिल्या की हिरवट संत्री बाजारात जाते, ग्राहक तिला कच्ची समजतो आणि व्यापारी भाव पाडतो.

दुसरे कारण पुढच्या वर्षीचे आहे. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहर फुटण्यासाठी झाडाला त्याआधी ताण द्यावा लागतो. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडायचे, झाडाची वाढ थांबवायची. मध्यम जमिनीत महिना-दीड महिन्यात ताण बसतो. भारी काळी जमीन ओल सोडत नाही, तिथे पाणी तोडूनही ताण पुरा होत नाही. अशा वेळी थंडी मदतीला येते, कारण साधारण १२-१३ अंशांखाली संत्र्याच्या झाडाची वाढ जवळपास थांबते आणि झाड विसावा घेते. थंडी आलीच नाही आणि मध्येच एक अवकाळी सर पडली, तर ताण मोडतो, झाडाला कोवळी पालवी फुटते आणि फूल अनियमित येते. नोव्हेंबरात पडलेला अर्ध्या तासाचा पाऊस असा पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरातले उत्पन्न ठरवतो. विमा आणि पंचनाम्याच्या भाषेत हे नुकसान बसवणे फार अवघड, कारण पावसाच्या दिवशी बागेत काहीच पडलेले दिसत नाही.

अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा भागातल्या केळीला मात्र हीच थंडी नको असते. पारा १२ अंशांखाली सलग राहिला की नवे पान निघणे मंदावते, घड लांबतात. तिथे रात्रीचे ओलीत आणि बागेच्या उत्तरेकडचे वाराकुंपण हेच उपाय.

थंडीबरोबर धूरही खाली येतो

शहरातल्या वाचकासाठी एक गोष्ट. निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार अशी उलटी रचना तयार होते. त्यामुळे धूर आणि धूळ वर जात नाही, झाकण ठेवल्यासारखी अडकते. चुलीचा किंवा जाळलेल्या कचऱ्याचा धूर गावावर आडवी पट्टी होऊन पसरलेला दिसतो, तो यामुळे. अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरे केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. दमा असलेल्यांनी थंडीत पहाटेचा फेरफटका आठनंतर नेला तर बरे. दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्री हेच झाकण बसलेले असते, त्यावर वेगळे सांगायला नको.

मोबाइलवरचा अंदाज कसा वाचायचा?

पहिली गोष्ट, बातमीत ‘राज्यात’ असे लिहिले असेल तर पुढे वाचा. हवामान विभागासाठी महाराष्ट्र हा एक तुकडा नाही. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग आहेत. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतो, मुंबईच्या नाही. मुंबईतल्या समाजमाध्यमांवर फिरणारा पिवळ्या रंगाचा नकाशा बहुतेक वेळा आपला नसतोच. रंगांचा अर्थ: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. नारिंगी इशारा ‘विजांसह पाऊस’ यासाठी असेल तर वेचलेला कापूस त्याच संध्याकाळी घरात घ्यावा.

दुसरी, फक्त किमान तापमान पाहू नका. वाऱ्याची दिशा आणि ढगांचे प्रमाण पाहा. वारा पूर्व किंवा आग्नेयेचा आणि ढग वाढते असतील तर पुढचे दोन-तीन दिवस ओलाव्याचे. वारा उत्तर किंवा वायव्येचा आणि ढग शून्याकडे असतील तर कोरडी थंडी सुरू. दोन्हींच्या मध्ये वारा पडलेला दिसला तर दव आणि धुवारी गृहीत धरा. ॲप नसेल तर गावाबाहेरच्या धुराकडे पाहिले तरी दिशा कळते.

तिसरी, शेतीसाठी वेगळा अंदाज येतो. ग्रामीण कृषी मौसम सेवेखाली दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पीकनिहाय सल्ला दिला जातो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात त्याचे केंद्र आहे. ‘मेघदूत’ ॲपवर तो मराठीत मिळतो. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अवकाळी ढगांत पाऊस कमी आणि विजा जास्त असे अनेकदा होते. वेचणीला गेलेल्या बाया अशा वेळी बांधावरच्या एकट्या झाडाखाली जमतात, तीच सर्वांत धोक्याची जागा असते.

आणि सात दिवसांपुढचा आकडा कोणत्याही ॲपने दाखवला तरी तो पेरणीच्या निर्णयासाठी धरू नका. विक्षोभ इराणच्या आसपास असताना त्याचा वेग आणि वाट नक्की ठरलेली नसते, तो राजस्थानच्या सीमेवर आला की तीन दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी पक्का होतो. सोयाबीन कापून ठेवायचे की उभे ठेवायचे, हरभरा उद्या पेरायचा की चार दिवसांनी, फवारणी आज की परवा, हे निर्णय या तीन दिवसांच्या अंदाजावर घेता येतात. संत्र्याचा ताण मात्र दीड महिन्याचा असतो, त्याला तीन दिवसांचा अंदाज पुरत नाही. तिथे बागेतून पाणी बाहेर काढणारे चर ऑक्टोबरातच मोकळे करून ठेवावे लागतात.